वेळाधिकारी

डिसेंबरातला शनिवार, धंतोलीतल्या शाळेचं सभागृह.
पंखे बंद, तरी पोरांच्या तळव्यांना घाम.
एकोणीस वर्षं मी आंतरशालेय वक्तृत्वाची वेळाधिकारी.
टेबलावर पितळी घंटी, हातात स्टॉपवॉच,
चौथ्या मिनिटाला एक ठोका, पाचव्याला दोन.
बोलायचं काही नाही.

बाजूच्या वर्गात समूहनृत्याची घाई:
समुद्र कधी न पाहिलेल्या नऊ पोरी
कोळणीच्या लुगड्यात,
टोपलीत थर्माकोलचे पापलेट.
एकाची शेपटी तुटली म्हणून
कुणाची तरी आई फेविकॉल शोधत
थेट परीक्षकांच्या खुर्चीखाली वाकली.

"अध्यक्ष महोदय, परीक्षक मंडळी, पूज्य गुरुजन
आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो..."
आठांपैकी पाचांचा उजवा हात
एकाच शब्दाला, एकाच उंचीला.
हे भाषण मी ओळखते.
दोन हजार आठ साली मीच लिहिलं होतं,
माझ्या वर्गातल्या एका तोतऱ्या मुलासाठी,
दोन पाठपोट पानं, निळी शाई.
त्याचं झेरॉक्स झालं, झेरॉक्सचं झेरॉक्स,
महालातून जरीपटक्याला, तिथून कामठीला,
मग कुठल्या क्लासच्या वहीत, आता मोबाइलवर.
घाईत मी तेव्हा तळ्याचा सागर केला होता,
'थेंबे थेंबे सागर साचे'.
पाचही जण तस्सं म्हणाले, छाती काढून.
टाळ्या पडल्या.

क्रमांक नऊ. कस्तुरी हेडाऊ, तांडापेठ, सातवी ब.
एक मोजा पांढरा, दुसरा कधीकाळी पांढरा.
"थेंबे थेंबे..." म्हणाली
आणि थांबली.

हात अर्ध्यावर,
दोरीवर विसरलेल्या ओल्या सदऱ्यासारखा.
पुढचा शब्द माझ्या जिभेवर. माझाच तो.
पण वेळाधिकाऱ्याला आवाज नसतो, घंटी असते.
मी नुसते ओठ हलवले. सा-ग-र.
तिला वाटलं असेल, बाई बडीशेप चघळताहेत.

एक मिनिट अठ्ठावन्न.
दोन मिनिटं चार.
मग माइकमधूनच, घरच्या आवाजात,
तिनं मला सांगितलं,
"मॅडम, घंटी वाजवून द्या नं."

मागच्या रांगेतले पोट्टे फिदीफिदी हसले.
एका परीक्षकानं पेनाला टोपण लावलं, काढलं, लावलं.
नियमांचा कागद भिंतीवर, माझ्याच अक्षरात.
मी वाजवली. दोनदा.
तक्त्यात लिहिलं: पाच मिनिटं, शून्य सेकंद.
घड्याळाशी एवढ्या वर्षांतली ही पहिली लबाडी,
आणि अक्षर काय सुरेख आलं.
"जय हिंद, जय महाराष्ट्र," ती म्हणाली,
तिथं मात्र न अडखळता, आणि पळाली.

ढाल धरमपेठेला गेली. जातेच.
पापलेटांना दुसरा नंबर.
सभागृहभर थर्माकोलचा चुरा,
शिपाई काशीरामजी झाडू घेऊन कुरकुरत.

दुपारी फाटकाशी डबे वाटले,
एक बटाटावडा, एक संत्रं.
व्हॅनच्या पायरीवर बसून कस्तुरी
ड्रायव्हरकाकांना अख्खं भाषण म्हणून दाखवत होती,
गालात फोड, हनुवटीवर रस,
कुठ्ठेच न थांबता.
"थेंबे थेंबे तळं साचे..."

"मंग तिथं काहून चूप झाली वो तू?"

"कागदावर सागर होतं नं, काका."
तिनं बी थुंकली, नेम धरून, नालीत.
"सागर कसा साचंन? तो तर आधीच भरलेला असते."

मी कडेनं निघून गेले. काय सांगणार होते?
ऑटोत बसल्यावर पर्समध्ये रुमाल शोधताना
स्टॉपवॉच हाताला लागलं.
बंद करायचं राहूनच गेलं होतं.
तीन तास सात मिनिटं,
आणि आकडे पळतच होते.